गाडीचा दवाखाना : चार दिवस उभी राहिली की रुसते

प्रश्न : सर, माझ्याकडे बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. रोज चालवली तर पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागते, पण तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारून मारून वैताग येतो, आठ-दहा वेळा मारल्यावर एकदाची खोकत खोकत चालू होते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. सेल्फ मात्र जोरात फिरतो. घर चढावर आहे, गाडी तोंड वर करून लावतो. आत्तापर्यंत नवी बॅटरी, नवे प्लग, स्टार्टरचं काम असे साडेनऊ हजार गेलेत आणि आता गॅरेजवाले म्हणतात कार्बोरेटरच नवीन टाका. टाकू का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : थांबा, इतक्यात नको. तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर आधीपासून ठीकच असणार, आणि प्लग किंवा करंटचा घोळ असता तर गाडी रोजच कुरकुरली असती, फक्त चार दिवसांनीच कशाला? उभी राहिल्यावरच रुसते याचा अर्थ पेट्रोल जागेवर राहत नाही. या गाडीत पेट्रोल पंप इंजिनवरच असतो, इंजिन फिरलं की तो ओढतो, आणि टाकी मागे. त्यात तुम्ही तोंड वर करून लावता, म्हणजे पंपातला व्हॉल्व्ह जरा जरी गळत असेल तरी पाइपातलं पेट्रोल उतारानं परत टाकीत, आणि कार्बोरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळतो तो भाग), त्याच्या खालच्या वाटीत साठलेलं जे असतं ते हळूहळू उडून जातं, आपल्याकडे उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. मग सकाळी तुमचे आठ-दहा सेल्फ नुसते पाइप आणि वाटी भरण्यात जातात.

खात्री करायला शून्य रुपये लागतात. पुढच्या वेळी चार दिवस उभी राहिल्यावर सेल्फ मारायच्या आधी एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची झडप (थंड गाडी चालू करताना हवा अडवते ती) बोटानं उघडी धरा आणि कार्बोरेटरच्या नरड्यात बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार हातानं ओढा. वाटीत पेट्रोल असेल तर आत बारीक पिचकारी उडताना दिसते. कोरडं ठणठणीत असेल तर चोर सापडला. (हे करताना विडी-सिगरेट लांब, आणि नरड्यात वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा जो प्रकार काही मिस्त्री करतात तो अजिबात करू देऊ नका, उलटा भडका आला की भुवया जातात, कधी गाडीही जाते.) आणखी एक गंमत, एकदा चार दिवस गाडी तोंड खाली करून लावून बघा. तेवढ्यानं फरक पडला तर पेट्रोल मागे उतरत होतं हे नक्की.

तसं निघालं तर आधी टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप बघा. कुठे बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही पण हवा आत घेते, म्हणून वरून काहीच दिसत नाही. जुने पाइप इथेनॉलवाल्या पेट्रोलचा विचार करून बनवलेले नव्हते आणि आता तर भरायला गेलं की २० टक्के इथेनॉलवालंच मिळतं, तेव्हा ते कडक झाले असतील किंवा दाबल्यावर चिकट लागत असतील तर सगळेच बदलून टाका, फार खर्च नाही. मग पंप. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलचा वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलाय, अशी गाडी चालवू नका, ऑइल पातळ होऊन इंजिन खाईल. पंप ठीक असूनही पेट्रोल उतरत असेल तर पंपाच्या आधी पाइपात छोटा वन-वे व्हॉल्व्ह बसवतात, फक्त त्यावरचा बाण पंपाकडे आहे ना ते स्वतः डोळ्यांनी बघा, उलटा बसवलेला मी पाहिलाय.

आणि पिचकारी व्यवस्थित उडाली तर? मग माझा अंदाज चुकला. तेव्हा चोकचं बटण पूर्ण ओढून झडप घट्ट बंद होते का ते बघा, तार गंजली की बटण बाहेर येतं आणि झडप अर्धीच फिरते. एक सेल्फ पाच-सात सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा, नाहीतर पुढच्या महिन्यात स्टार्टरचं काम परत काढाल.

प्रश्न : माझी जुनी इंडिका डिझेल थंडीत सकाळी खूप वेळ घेते, पांढरा धूर सोडते, दुपारी मात्र लगेच लागते.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी ग्लो प्लग, म्हणजे थंडीत डिझेल पेटावं म्हणून इंजिन आतून तापवणारे प्लग. चारपैकी दोन मेले तरी गाडी कशीबशी लागतेच, म्हणून लक्षात येत नाही. प्लगवरची वायर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा, दिवा लागला नाही तो प्लग गेला. चारही चांगले निघाले तर रिले (प्लगला करंट सोडणारा स्विच) आणि फ्यूज बघा, वायरपर्यंत करंटच पोचत नसेल. सेल्फ मारायच्या आधी डॅशवरचा पिवळा दिवा विझू द्या, घाई करणारे खूप आहेत. आणि स्टार्टिंगचा स्प्रे मारू नका, तापलेल्या ग्लो प्लगवर तो आतच पेट घेतो. हे सगळं ठीक असून त्रास राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या, मग खर्चाची तयारी ठेवावी लागेल.