रस्त्याच्या पोटातला काटा

प्रश्न : माझे दोन ट्रक आहेत. परवा भरलेली गाडी उभी करून तोलली तेव्हा 25 टन आली. पुढे हायवेवर, रस्त्यातच बसवलेल्या काट्याने धावत्या गाडीचे 26 टन दाखवले. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कुणीच नाही. गेली अठरा वर्षं मी हे काटे बसवतोय आणि जुळवतोय. प्रत्येक मालकाला माझं हे उत्तर पळवाटच वाटतं.

धावणारी गाडी कमानींवर, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांवर, सेकंदाला दोन-तीनदा वरखाली होते. चाकं आणि एक्सल, म्हणजे चाकं जोडणारा आडवा दांडा, त्याहून जलद, दहा-बारा वेळा, थरथरतात ते वेगळंच. ताशी 90 च्या वेगात गाडी सेकंदाला 25 मीटर जाते आणि रस्त्यातली सेन्सरची पट्टी असते जेमतेम सहा-सात सेंटिमीटर रुंद. टायर तिच्यावर टेकतो न टेकतो तोच पुढे गेलेला असतो. तेवढ्यात गाडी खाली दबत असेल तर भार जास्त लागतो, उसळत असेल तर कमी. घरच्या काट्यावर पोराला उड्या मारायला लावा आणि आकडा वाचून दाखवा! म्हणून पट्ट्यांच्या एकाहून जास्त रांगा टाकतात आणि सरासरी काढतात.

एकदा जुळवणीसाठी आम्ही आधी तोललेली 25 टनांची गाडी फिरवत होतो. ताशी 60 ला 24.1 यायचे, 80 ला 26.2. फेऱ्या कितीही मारा, तेच. सोबतचा नवा मुलगा यंत्रातले आकडे बदलायला निघाला होता. मी त्याला पट्टीच्या मागे चालत नेलं. तीसेक मीटरवर रस्त्याला उंचवटा होता, बोटभर. गाडी तिथे उसळायची आणि वेगाप्रमाणे पट्टीवर कधी वर असताना यायची, कधी खाली. रस्ता घासून सपाट केला, यंत्राला हात लावला नाही, फरक निम्म्याहून कमी झाला.

अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई 1318 या, धावत्या गाडीच्या काट्यांसाठीच्या मानकात पहिल्या प्रकारच्या यंत्राला एकूण वजनात 10 टक्के आणि एकट्या एक्सलच्या भारात 20 टक्के फरक चालतो, तोही शंभरातल्या 95 नोंदींपुरता. तुमचा फरक 4 टक्क्यांचा आहे. बऱ्याच ठिकाणी असा काटा फक्त संशयित गाड्या निवडतो आणि दंडाचं वजन गाडी उभी करूनच घेतात. मला तीच पद्धत पटते.

प्रश्न : पट्टीवर ब्रेक मारला किंवा दोन लेनच्या मधून गाडी काढली तर वजन कमी लागतं, असं ड्रायव्हर सांगतात.

उत्तर : ड्रायव्हर बरंच काही सांगतात. ब्रेक मारल्यावर भार मागून पुढे सरकतो. मागचा एक्सल हलका वाटतो, पण पुढचा जड होतो. शिवाय टायरचा ठसा पट्टीपेक्षा रुंद असल्याने पूर्ण भार एकाच वेळी पट्टीवर येत नाही. यंत्र पट्टीकडून क्षणाक्षणाला येणाऱ्या संदेशाची बेरीज करून तिला वेगाने गुणतं, म्हणून त्याला वेग मोजावाच लागतो. मध्येच वेग बदलला की नोंदीवर खूण पडते. एका बाजूची चाकं पट्टीबाहेर गेली तर डाव्या-उजव्या भाराचा मेळ बसत नाही आणि नोंद संशयास्पद ठरते.

प्रश्न : एकूण वजन हद्दीत असूनही मागच्या एक्सलवरून अडवलं. हा छळ नाही का?

उत्तर : रस्त्याला तुमचं एकूण वजन कळत नाही, एकेक एक्सल कळतो. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक फिरवत ठेवून झीज मोजली गेली. त्यातून ठोकताळा निघाला, की झीज एक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. 8 टनांच्या जागी 10 टाकले तर भार सव्वापट होतो, झीज जवळपास अडीचपट. रस्त्याच्या बांधणीप्रमाणे हा घात बदलतो, पण तुमच्या बाजूने फारसा नाही.

जड नग अगदी मागे ठेवत असाल तर पुढे घ्या. मग एकेक एक्सल काट्यावर चढवून वेगळा तोला. मात्र काट्याबाहेरची जमीन काट्याच्याच पातळीत आहे ना, ते आधी बघा; उतार असेल तर तो आकडाही फसवा येईल.