नव्या बोर्डावर कर्नल: सी फाइल नको, आधी डिव्हाइस ट्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने स्वतःचा बोर्ड बनवलाय, त्यावरच्या ६४-बिट आर्म चिपला मूळ लिनक्स कर्नलमध्ये आधीपासून सपोर्ट आहे, यू-बूट (कर्नल लोड करणारा बूटलोडर) नीट चालतं, पण 'स्टार्टिंग कर्नल' छापून झालं की सामसूम. मग बोर्डासाठी सी फाइल कुठे लिहायची?

लिहायचीच नाही. पूर्वी ३२-बिट आर्ममध्ये प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल असायची. त्या पसाऱ्यावर २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले आणि कारभार डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलकडे, वळला. ६४-बिटमध्ये तर तो प्रकार आलाच नाही. चिपच्या आतलं सगळं तिच्या डीटीएसआय (सामाईक डिव्हाइस ट्री) फाइलमध्ये असतं. तुम्ही लिहायची ती बोर्डाची डीटीएस (डिव्हाइस ट्रीची मजकूर-फाइल): त्यात डीटीएसआय ओढून घ्यायची आणि तुमच्याकडे काय कुठे जोडलंय तेवढं सांगायचं. म्हणजे काम स्कीमॅटिक (बोर्डाचा सर्किट-नकाशा) वाचण्याचंच जास्त.

चिप कंपनीच्या इव्हॅल्युएशन (नमुना) बोर्डाची डीटीएस उचलून नाव बदलायचा मोह होतो. नमुना म्हणून जरूर बघा, पण रेग्युलेटरचे (व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांचे) नोड, म्हणजे नोंदी, तरी जसेच्या तसे घेऊ नका. त्यांची जी रेल (वीजपुरवठ्याची लाइन) ३.३ व्होल्टची, ती तुमच्याकडे १.८ ची असेल तर कर्नल इमानेइतबारे ३.३ लावेल आणि पलीकडची चिप जाईल.

सुरुवातीला फाइलमध्ये फार काही नको. मॉडेल, कम्पॅटिबल (आधी बोर्डाचं नाव, मग चिपचं), मेमरी, चोझन नोडमध्ये एसटीडीआउट-पाथ (कन्सोल कुठल्या पोर्टवर ते) आणि एक यूएआरटी (सिरियल पोर्ट). बास.

आता ती सामसूम. बऱ्याचदा कर्नल चालू असतो, फक्त बोलायला कन्सोल नसतो. कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉन (बूटच्या अगदी सुरुवातीचा कन्सोल) घाला. एसटीडीआउट-पाथ बरोबर असेल तर सहसा तेवढा एक शब्द पुरतो. तरीही काही उमटलं नाही तर यू-बूटमध्येच थांबा आणि डीटीबी (डीटीएसचं कंपाइल केलेलं रूप) लोड केलेल्या पत्त्यावरची मेमरी एमडी.बी कमांडने बघा. पहिले चार बाइट डी० ०डी एफई ईडी असेच हवेत. नसतील तर एक तर डीटीबी तिथे लोडच झालेली नाही, किंवा कर्नल इमेज नाहीतर इनिटआरडी (सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टिम) तिच्यावर येऊन बसलीय. डीटीबीचा पत्ता ८ च्या पटीत हवा, आकार २ एमबीच्या आत.

कधी बूट छान पुढे जातं आणि शेवटाकडे अचानक थिजतं. कोणीच न मागितलेली क्लॉक कर्नल त्याच सुमारास बंद करतो. कमांड लाइनवर सीएलके_इग्नोर_अनयूज्ड देऊन बघा. बोर्ड जगला, तर कुठल्या तरी नोडमध्ये क्लॉक लिहायचं राहिलंय, ते शोधा. हा पर्याय फक्त निदानापुरता. प्रॉडक्टमध्ये तसाच सोडून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

इथरनेटवर वेळ जाणार हे धरूनच चाला. लिंक १ गिगाबिटची दिसते, पण एकही पिंग परत येत नाही? फाय-मोड (मुख्य चिप आणि इथरनेटची फाय चिप यांच्यातल्या जोडणीचा प्रकार) तपासा. आरजीएमआयआय या जोडणीत क्लॉक डेटाच्या साधारण २ नॅनोसेकंद मागे लागतं. बोर्डावर त्यासाठी मुद्दाम लांब ट्रेस (तांब्याचा मार्ग) काढलेला नसेल (हल्ली सहसा नसतो), तर आरजीएमआयआय-आयडी लिहा. नुसतं आरजीएमआयआय म्हणजे हा विलंब ट्रेसनेच दिलाय, असं तुम्ही कर्नलला सांगता.

आणि ड्रायव्हर लागत नाही, एररही नाही, असं झालं तर डीबगएफएस या कर्नलच्या डीबगिंग फाइलसिस्टिममधली डिव्हाइसेस_डिफर्ड फाइल वाचा. कोण कशासाठी अडून बसलंय ते तिथे कळतं.

हे सगळं मूळ कर्नलमध्ये पाठवाच, नाहीतर दर आवृत्तीला पॅच रिबेस करत बसाल. कम्पॅटिबल नाव यामल बाइंडिंगमध्ये (डीटीएसमध्ये काय चालतं त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये) घालणारा पॅच वेगळा आणि आधी, डीटीएसचा त्यामागून. पाठवण्यापूर्वी डीटीबीएस_चेक (डीटीएस बाइंडिंगशी जुळते का) आणि चेकपॅच (पॅचची मांडणी नीट आहे का) या तपासण्या चालवा. कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. पहिल्या खेपेला यूएआरटी आणि ईएमएमसी (बोर्डावरचं स्टोरेज) एवढंच असलं तरी चालतं. डिस्प्ले, कॅमेरा मागाहून.