सीसीटीव्हीतला चेहरा आणि तज्ज्ञाचं मत

शिवाजीनगर कोर्टात पहिल्यांदाच सीसीटीव्हीची केस चालवतोयस, म्हणून सांगते. तज्ज्ञ ‘चेहरा जुळतो’ म्हणाला की गडबडू नकोस. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली ते फक्त मत आहे. उलटतपासणीत एकच गोष्ट लावून धर: असं नाक, असे कान आणखी किती जणांचे असतील? ते मोजायला आकडेवारीच नाही. इंग्लंडच्या अपील कोर्टाने 2009 मध्ये अ‍ॅटकिन्स खटल्यात असं मत ग्राह्य धरलं, पण ही उणीव ज्यूरीला स्पष्ट सांगा, असंही बजावलं. आपल्याकडे ज्यूरी नाही. न्यायाधीशांसमोर ही उणीव तुलाच मांडायचीय. कॅमेऱ्याचा कोन, लेन्स, उजेड यांनी चेहरा किती बदलतो, तेही खोदून विचार. आणि हो, फुटेजसोबत त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आहे का, ते आधी बघ.