पाय अधू असलेल्या बजीला, म्हणजे बजरिगर या छोट्या पोपटाला, सांभाळत राहावं की डॉक्टरांकडून कायमचं शांत करावं? त्याचं जगणं बरं चाललंय हे कसं ओळखायचं?

तुमच्या बजीचे दोन्ही पाय जन्मापासून फेंगडे, दांडीवर बसता येत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘त्याचे हाल बघवत नाहीत, एकदाचं संपवून टाका.’ बघवत नाहीत हे खरं असेल. पण मग दुखणं बघणाऱ्याचं झालं, पाखराचं कुठे?

आमच्या घरी असाच एक होता, बाळू. मुलीसाठी बजीची जोडी आणायला साताऱ्यात एका पक्षीवाल्याकडे गेलो होतो. पिंजऱ्याच्या तळाशी, तारेच्या जाळीवर, एक हिरवं पिल्लू छातीवर पडलेलं. पाय दोन बाजूंना, बेडकासारखे. वर बसलेले पक्षी त्याच्या अंगावर शिटत होते. ‘ते फेंगडं आहे साहेब, न्यायचं तर असंच न्या,’ दुकानदार म्हणाला. मुलगी जोडी विसरली. त्याने पिल्लाचे पैसे घेतले नाहीत, पिंजऱ्याच्या किमतीत वसूल केले.

मडक्यात भुसा न घालता अंडी उबवायला ठेवली की हे होतं. गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय घसरतात, आईला कॅल्शियम कमी मिळालेलं असलं तर हाडं मऊ, त्यात ती वर घट्ट बसून राहते. पहिल्या दोनेक आठवड्यांत पाय मऊ पट्टीने नीट अंतरावर बांधून ठेवले तर पुष्कळदा सुधारतात. पंख फुटलेल्या पिल्लाचे नाही. हाड एकदा तसंच पक्कं झालं की पट्ट्या बांधणं म्हणजे नुसता छळ. तुमचा तर मोठा झालाय, तेव्हा व्हिडिओ बघून तसले प्रयोग करू नका.

बाळू घरी आला त्या दिवाळीत माझी थोरली बहीण भाऊबीजेला आली होती. तिने पिंजऱ्यात डोकावलं आणि म्हणाली, ‘अरे, सोडून दे त्याला. पाखराला आकाश हवं. असं लोळत जगण्यापेक्षा चार दिवस मोकळं जगेल.’ चार दिवस! आमच्या गच्चीवर कावळ्यांची शाळा भरते, समोरच्या निलगिरीवर शिक्रा बसतो, खाली मांजरी फिरतात. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याला, तोही उभा न राहणारा, तिथे सोडायचं याला मी मुक्ती म्हणत नाही. ताई मनाने वाईट नाही. तिच्या डोक्यात फक्त पंख आणि आकाश होतं.

गंमत म्हणजे बाळूचे पंख ठणठणीत होते. उडायचा झकास, पंचाईत उतरायची. पाय पुढे येत नसल्याने छातीवर आदळायचा. म्हणून त्याचं उडणं फक्त आतल्या खोलीत, पंखा बंद करून, पलंगावर आणि खाली जमिनीवर गोधड्या अंथरून. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःचं तंत्र काढलं. पडद्यावर झेपावायचं, चोचीने कापड धरायचं आणि चोचीच्या जोरावर हळूहळू खाली यायचं. पोपटाच्या कुळातले पक्षी चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतात, २०२२ मध्ये लव्हबर्डवर झालेल्या अभ्यासात तर चोच पायांइतका किंवा त्याहून जास्त जोर लावते असं मोजून दाखवलंय. आम्हाला ते रोज पडद्यावर फुकट दिसत होतं. पडद्यांची मात्र चाळण झाली.

घराची मांडणी बदला, पक्षी आपोआप बदलतो. उंच पिंजरा टाका, लांब आणि बुटका घ्या. तळाची जाळी काढा. दांड्यांच्या जागी रुंद फळ्या, एकीवरून दुसरीवर जायला उतार. दाण्याची वाटी दोन्ही टोकांना, आणि पाणी बाटलीच्या झाकणाएवढ्या उथळ भांड्यात, कारण असा पक्षी खोल वाटीत तोंड घालून पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. तळाशी जुन्या सुती कापडाची घडी, ती रोज सकाळी बदलायची. टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात.

सगळ्यात मोठा धोका तळव्यांना आणि छातीच्या हाडाला. चालणारा पक्षी वजन पायांवर वाटून घेतो, हा दिवसभर छातीवर. पिसं झिजतात, कातडी लाल होते, मग जखम, मग जंतू. आमच्या बायकोने यावर उपाय काढला तो कुठल्या डॉक्टरने सांगितला नव्हता. जुन्या साडीची लिंबाएवढी चुंबळ वळली, दोरे आत दुमडून शिवून टाकले, आणि बाळूला तीत बसवलं. हाड मधल्या पोकळीत, वजन कडेवर. पहिल्या दिवशी त्याने ती कुरतडून काढली. पुढच्या आठवड्यात दुपारची झोप तिथेच घेऊ लागला, आणि झोपण्याआधी चोच चोचीवर घासत कुरकुर आवाज करायचा. तो समाधानाचा आवाज, बजी पाळणाऱ्याला सांगावा लागत नाही.

खाण्यात नुसते दाणे असले तर अधू पक्ष्याचं नुकसान दुप्पट होतं. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्यांची कातडी लवकर फाटते. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर रोज द्या, समुद्रफेसाचा तुकडा चोच पोचेल एवढ्या खाली अडकवा. सूर्यफुलाच्या बिया अजिबात नकोत. हालचाल कमी, चरबी जास्त, आणि तो भार पुन्हा छातीवरच. नखं झिजत नाहीत, ती कापून घ्या. शेपटीखाली शीट चिकटते, ती कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. जगणं बरं चाललंय हे कसं ओळखायचं?

अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी कुत्र्या-मांजरांसाठी एक गुणपद्धत केलेली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. पद्धत चांगली आहे. फक्त बजीला लावताना हालचालीच्या गुणांवर अडून बसू नका. त्यात बाळू कायम काठावर पास, आणि तरी आरशाशी तासन्‌तास गप्पा मारायचा, प्रेमाने त्याला दाणे ओकून भरवायचा.

माझ्या मते तीन गोष्टी पुरतात. एक, तो स्वतःहून काय करतो? पिसं साफ करतो का, नवी वस्तू ठेवली तर सरपटत जाऊन चावून बघतो का, सकाळी बाहेरच्या चिमण्यांना उत्तर देतो का? हे तुम्ही समोर उभे असताना बघू नका. आजारी पक्षी माणूस दिसला की सावरून बसतो, कारण रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो. मोबाइल पिंजऱ्यासमोर लावून व्हिडिओ सुरू करा आणि खोलीबाहेर जा. माघारी जो पक्षी दिसेल तो खरा.

दोन, वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, रोज सकाळी दाण्याआधी. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे तीन-चार ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, त्याच दिवशी डॉक्टर. पण नुसत्या काट्यावर विसंबू नका, छातीचं हाडही बोटाने चाचपा. त्याचं कारण पुढे येतंय.

तीन, श्वास. बसल्या जागी शेपटी श्वासागणिक वरखाली होत असेल, चोच उघडी राहत असेल, तर पाय-बिय विसरा. ते संकट आहे.

बाळू पुढे चांगला प्रौढ झाला, मुलगी कॉलेजात गेली. मग एकदा त्याच्या चोचीवरची निळी गादी मळकट दिसायला लागली. हळूहळू ती तपकिरी झाली, मादीची असते तशी. नराची अशी गादी बदलली तर वृषणाच्या गाठीची शंका घ्यायची. दोन्ही पाय आधीच अधू, म्हणून दुसरी खूण आम्हाला दिसली नाही. एरवी धडधाकट वयस्क बजीचा एकच पाय एकाएकी लुळा पडला, तर पुष्कळदा मूत्रपिंडाची किंवा वृषणाची गाठ पायाच्या शिरेवर दाबत असते. लोक ‘मुरगळला असेल’ म्हणून हळद लावत बसतात.

पुण्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. क्ष-किरणात पोटात गाठ. वजन मात्र पूर्वीइतकंच, कारण मांस झडत होतं आणि गाठ वाढत होती, काट्याला दोन्ही सारखेच. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागत होतं. ऑपरेशन एवढ्या जीवाला झेपणार नाही असं ते म्हणाले, आणि वजनावर मोजून मेलॉक्सिकॅमचे थेंब दिले. त्या औषधावर बाळूने चांगले दिवस काढले, पुन्हा आरशाशी बोलला. (माणसांची वेदनाशामकं स्वतःच्या मनाने देऊ नका. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन मूत्रपिंडं निकामी झाली आणि गिधाडं संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पक्ष्याचं मूत्रपिंड म्हणजे काय चीज आहे ते यावरून ओळखा.)

मग रात्री चोच उघडी राहायला लागली. राळ्याचं कणीस समोर धरलं तर तोंड फिरवलं. व्हिडिओत खोली रिकामी असताना तो तासभर एकाच जागी अंग फुगवून होता, चुंबळीकडे सरकलासुद्धा नाही. मी डॉक्टरांना फोन केला.

ताईला कळलं तेव्हा तिने मला फोनवर फैलावर घेतलं. ‘मुक्या जीवाला मारायचा अधिकार तुला कुणी दिला? त्याचं त्याला जाऊ दे की.’ आजतागायत प्रत्येक भाऊबीजेला, ओवाळून झालं की, हा विषय निघतो. ताई, हे तू वाचणार आहेसच, म्हणून इथेच सांगतो. तो मजेत होता तेव्हा तू त्याला कावळ्यांपुढे टाकायला निघाली होतीस आणि त्याला मोकळेपण म्हणत होतीस. त्याला श्वास घेता येईना तेव्हा तू त्याला तसंच धापा टाकत ठेवायला सांगत होतीस आणि त्याला दया म्हणत होतीस. दोन्ही वेळा तुला एकच हवं होतं, की आपल्या हाताला काही लागू नये. पाळलेल्या प्राण्याच्या बाबतीत ती सवलत नसते. दाणे आपण घातले, पिंजरा आपण लावला, मग शेवटचं तेवढं देवावर कसं ढकलायचं?

आणि ते मारणं कसं होतं तेही ऐका, कारण लोकांना वाटतं सुई खुपसतात. आधी मुखवट्यातून भुलीचा वायू देतात. बाळू बायकोच्या हातात, कापडात गुंडाळलेला होता, मान सैल झाली, नंतरचं इंजेक्शन त्याला कळलंही नाही. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर वायूची भूल देता का हे आधी फोनवर विचारून घ्या, सगळ्या दवाखान्यांत ती सोय नसते. घरी तर काहीही करू नका. जवळ पक्ष्यांचे डॉक्टर नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथे आहेत.

आता तुमच्या बजीचं. तुम्ही लिहिलंय की तो खातो, ओरडतो, घंटी वाजवतो. फक्त दांडीवर बसत नाही. मग दांडी काढा. माझ्या लेखी विषय संपला.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी डॉक्टर नाही, एका पक्ष्याच्या अनुभवावर बोलतोय. कॉकटील (तुरेवाले, बजीहून मोठे पोपट) जड असतात, त्यांच्या छातीला नि तळव्यांना जखमा लवकर होतात, त्यामुळे तिथे माझं सगळंच लागू होईल असं नाही. पिंजऱ्यात दुसरा बजी असेल तर लक्ष ठेवा, काही जोड्या अधू साथीदाराला सांभाळतात, काही त्याच्या डोक्याची पिसं उपटून काढतात. तुमचा पक्षी बजी नसून आपला गावठी हिरवा पोपट असेल, तर तो पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मग वनविभागाला कळवा, इथे सल्ला विचारू नका. आणि रोजचं कापड, साफसफाई, काटा हे करायला घरात कुणीच तयार नसेल, तर पाय कितीही चालवून घेतले तरी त्या पक्ष्याचे हाल होणारच. तेव्हा तो दुसऱ्या कुणाला द्या, त्यात कमीपणा नाही.

घरचे फारच मागे लागले तर जो सगळ्यात मोठ्याने ‘हाल बघवत नाहीत’ म्हणतो त्याला महिनाभर सकाळी कापड बदलायला आणि वजन करायला लावा. नंतर त्याचं मत विचारा.