लसणाचा अर्क, टोमॅटोची मर आणि जिवाणूंचा 'कोरम'

रामराम मंडळी. या पंधरवड्यात तीन प्रश्न आले. तिन्हींच्या मुळाशी एकच बुळबुळ आहे, जिवाणूंच्या चिकट थराची, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

शिरोळ तालुक्यातले एक टोमॅटो बागायतदार विचारतात : "झाडं हिरवीगार असतानाच माना टाकतात. एक विक्रेता सांगतो, लसूण-दालचिनीच्या अर्काची ही बाटली जिवाणूंचं बोलणंच तोडते. घेऊ का?"

आधी मर कुठली ते बघा. जमिनीलगतचा बोटभर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात दोऱ्याने लोंबता धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरली, तर ही जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूची. धार नसेल आणि खालची पानं आधी पिवळी पडत असतील, तर बुरशीचा संशय धरा. त्याचा उपाय वेगळा.

आता बोलण्याची गोष्ट. विक्रेत्याने ती हवेतून काढलेली नाही. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच जिवाणूंचं आहे. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की ते रसायन साचतं आणि त्यावरून 'आपण पुरेसे झालो' हे सगळ्यांना कळतं. शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये या प्रकाराला नाव दिलं, तेही कोरमवरूनच : 'कोरम सेन्सिंग'. राल्स्टोनिया थोडा असतो तोवर गप्प फिरतो. मिलिलिटरमागे साधारण १ कोटींच्या आसपास गेला, की चिकट द्रव ओतायला लागतो आणि खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबतात. गुऱ्हाळावर शिळ्या उसाच्या रसाला तार सुटते ना? तो जिवाणू निराळा, पण चिकटा त्याच जातीचा. वाफ्यात पाणी असून झाड सुकतं ते यामुळे.

लसणातलं अजोईन, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल, हळदीतलं कुर्क्युमिन या घटकांनी काही जिवाणूंचा हा निरोप अडतो किंवा चिकट थर धरायला अडचण होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. बरेचदा जिवाणू मरतही नाहीत, नुसते एकजूट होत नाहीत. आणि इथेच बाटलीचा हिशेब चुकतो. मान टाकलेल्या झाडात कोरम केव्हाच भरलेला असतो, ठरावही झालेला असतो. शिवाय जिवाणू बसलेत मुळांत आणि खोडात, फवारा पडतो पानावर. कुर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि उन्हात लवकर विघटतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मर बरी करायला बाटली घेऊ नका. लेबलवर रोगनाशकाचा दावा असेल आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर अजिबातच नको.

घरचा लसूण वापरून बघायचाच असेल तर कोल्हापूरकराला लसूण ठेचायला शिकवायला नको, पण एक चूक सर्रास दिसते. अख्ख्या पाकळ्या उकळतात. उष्णतेने लसणातलं विकर (एन्झाइम) मरतं आणि कामाचे घटक तयारच होत नाहीत. गारच ठेचा, थोडा वेळ राहू द्या, मग गाळा. आधी दोन-चार झाडांवर मारा, कारण दाट अर्काने पानं करपतात. शेजारची एक सरी तशीच सोडून फीत बांधा, म्हणजे फरक पडला की नाही ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

रोग आवरायचा तो असा : सुकलेलं झाड मुळासकट काढून जाळा, पाटात टाकू नका. रोगट सरीचं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका, विळा-खुरपं धुऊन घ्या. त्या रानात पुढे वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू नको. मका किंवा ज्वारी घ्या. टोमॅटोच करायचा असेल तर प्रतिकारक वांग्याच्या खुंटावरची कलमी रोपं मागवा. रोप महाग पडतं, पण दर हंगामात प्लॉट उपटण्यापेक्षा स्वस्त.

दुसरा प्रश्न कागलच्या ताईंचा : ठिबकच्या नळ्यांत शेवाळासारखा गिळगिळीत थर येतो, कडुनिंबाचा काढा सोडू का? नको. न गाळलेला काढा, गुळाचं जीवामृत हे त्या थराला खाद्यच होतं. ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १०० लिटर पाण्याला १० ग्रॅम घ्या, निवळी गाळून नळ्यांत भरा, २४ तास ठेवा आणि लॅटरलची (सरीतल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून फ्लश करा. क्षारांसाठी आम्ल सोडत असाल तर तो दिवस वेगळा ठेवा. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) किंवा जिवाणू खतं सोडायची असतील, तर हे सगळं नीट धुऊन निघाल्यावर काही दिवसांनी.

तिसरा, म्हशीच्या दगडीला (कासेच्या सुजेला) हळदीचा लेप चालेल का? वरून लावायला हरकत नाही, पण जंतू कासेच्या आत चिकट थर करून बसलेले असतात. सडातून गाठी आल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा, आणि ते दूध कॅनमध्ये ओतू नका.