नवीन व्हिगन झालायस ना, मग आधी चहाचं बघ

व्हिगन म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही, तरी पहिले काही आठवडे जेवणाचा त्रास होतच नाही, कारण पिठलं-भाकरी, झुणका, मटकीची उसळ, भरली वांगी, सोलकढी हे सगळं तसंही व्हिगनच आहे, फक्त वरून तूप नको एवढं आधीच सांगायचं, वाढून झाल्यावर नाही. साबुदाणा खिचडी मात्र विचारूनच घे, बरेच जण तुपात करतात. मिसळ बिनधास्त खा, दही बाजूला ठेव.

खरा घोळ चहाचा. टपरीवर सरळ कोरा लिंबू चहा सांग. घरी सोया दूध उकळत्या चहात ओतलंस की फाटतं, म्हणून चहा गाळून जरा निवू दे आणि दूध वेगळं कोमट करून शेवटी घाल, आलं पण कमीच टाक. दुकानात पाकिटावर दूध नाही, सोया ड्रिंक असं लिहिलेलं असतं बरं का.

पाकिटावरच्या शाकाहारीच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नकोस, तो दुधाच्या बिस्किटांवरही असतो. व्हिगनचा वेगळा व्ही वाला लोगो 2022 च्या नियमांत आलाय, पण तो सगळीकडे नसतो, मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव.

आणि व्हिटॅमिन बी12 ची गोळी! यात आळस अजिबात नको, टेस्ट करून डॉक्टरांना डोस विचार. कॅप्सूल घेतलीस तर जिलेटिनची (म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनची) आहे का बघ, व्हिटॅमिन डी3 सुद्धा बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात.

पुरणपोळीवर आजी तूप ओतायला आली की वाद नको घालूस, नारळाचं दूध घे सोबत, भारी लागतं.