आधी डायल बघ

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळाचे फोटो मिळाले. दुकानदार म्हणतो तसं ते 1960च्या आसपासचं असेलही, पण ॲडव्हान्स देऊ नकोस. जुन्या घड्याळाची किंमत सगळ्यात जास्त डायलवर ठरते, आणि या घड्याळाची डायल मला नको इतकी कोरी दिसते. साठ वर्षं मुंबईच्या दमट हवेत काढलेल्या डायलवर कुठेतरी पिवळसर झाक, एखादा ठिपका दिसायला हवा.

आपल्याकडे घड्याळ सर्व्हिसिंगला टाकलं की डायलही रंगवून घ्यायची, हे सर्रास चालायचं. गिऱ्हाईकालाच चकचकीत घड्याळ हवं असे, त्यात फसवणूक नव्हती. पण कारखान्यातली मूळ छपाई एकदा पुसली गेली की कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. म्हणून डाग पडलेली मूळ डायल मी रंगवलेल्या सुंदर डायलपेक्षा केव्हाही वरची मानतो.

आता दहापटीचं भिंग घेऊन बस. या मॉडेलची डायल मधे सपाट असते आणि कडेला बारा पैलूंनी खाली उतरते. पाय नावाचा पदार्थ भाजायच्या थाळीसारखी दिसते म्हणून संग्राहक तिला पाय-पॅन म्हणतात. पैलूंच्या कडा धारदार हव्यात. रंगाचा थर चढला की त्या बोथट होतात. मग ओमेगाच्या नावाखालच्या इंग्रजी ओळी बघ: ऑटोमॅटिक, क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड. पहिल्या ओळीतला एम, दुसरीतला मधला ओ आणि ऑफिशियलीचा शेवटचा वाय एकाखाली एक, सरळ रेषेत यायला हवेत. रंगवणाऱ्याचा हात बहुतेक वेळा इथेच चुकतो. अक्षरं जाड किंवा पसरट दिसली तर पुढे बघायचीही गरज नाही.

काचेच्या बरोबर मध्यावर ओमेगाचं अगदी बारीक चिन्ह कोरलेलं असतं. ते नसेल तर काच बदललेली आहे. त्यात बिघडलं काहीच नाही, काच बदलावीच लागते.

मागच्या झाकणावर वेधशाळेचं आणि आठ ताऱ्यांचं चित्र आहे. वेधशाळेच्या घुमटाच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, बरंच पॉलिश मारलंय असं समज. आत तांबूस रंगाचं मूव्हमेंट, म्हणजे घड्याळ चालवणारं यंत्र, हवं; त्याचा मॉडेल नंबर 551 किंवा तारीख दाखवणारं असेल तर 561. 1960च्या मूव्हमेंटवर सिरीयल नंबर साधारण 1 कोटी 70 लाखांच्या घरात असतो. घड्याळाचा वेग मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर लावायला सांग, तासाला 19,800 ठोके, हा त्याचा ठरलेला वेग.

हे घड्याळ गुंतवणूक म्हणून घ्यायचं तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्या रोलेक्स डेटोना घड्याळाला 2017मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलर आले, कारण ते खुद्द न्यूमनच्या हातातलं घड्याळ होतं. त्या आकड्यावरून आपल्या खरेदीचा हिशेब मांडू नये. रोज हातात घालावंसं वाटेल, तेच घे.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा झाकण तुझ्यासमोर उघडायला सांग. तो का-कू करायला लागला तर तिथून सरळ नीघ. उघडलंच तर मूव्हमेंटचा आणि फ्लॅश न वापरता डायलचा, असे दोन फोटो लगेच पाठव. मी फोनजवळच असेन.

तुझा,
मामा